फुकट वीज, कोरडी विहीर
(शिरवळ येथील मेळाव्यात केलेले भाषण)



विजेचे धोरण मुंबईत ठरते. पण एकदा ते गावात उतरले, की ते आपली माणसे तयार करते. ज्याला फायदा होतो तो राखणदार बनतो. ज्याच्यावर बोजा पडतो तो वैरी बनतो. ज्याच्या हाती काहीच येत नाही तो गप्प बसतो. आपण ज्वारी-कापूसवाले, कोरडवाहू, हे तिसरे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपाचे बिल मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर सुरू झाले. मोटार तासभर चालो की रात्रभर, पैसे तेवढेच. वीज मंडळाचा मीटर वाचण्याचा त्रास वाचला, पुढाऱ्याला निवडणुकीत सांगायला मिळाले, उसाचे पाणी स्वस्त झाले. तिघांची युती जमली.

मीटर नाही म्हणजे मोजमाप नाही. मग चोरीची आणि गळतीची वीजही शेतकऱ्याच्या नावावर लिहायची सोय झाली. १९९९ मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला. त्याच्यापुढे सुनावण्या झाल्या, तेव्हा शेतीचा वापर फुगवलेला आणि गळती झाकलेली निघाली. तोवर 'शेतकरी फुकटा' ही बदनामी सगळीकडे झाली होती. ज्याने जन्मात मोटार बसवली नाही, त्याच्याही कपाळी ती आली.

पैसे कोण भरत होते? शिरवळसारख्या ठिकाणचे कारखाने. शेतीच्या सवलतीपोटी त्यांना चढा दर लागला. म्हणून ते या युतीच्या विरोधात गेले. २००३ च्या वीज कायद्याने मोठ्या ग्राहकाला दुसरीकडून वीज घेण्याची वाट मोकळी केली. भरणारा दाराकडे पाहू लागला, की बोजा सरकारी तिजोरीवर येतो. आणि तिजोरीचे मन निवडणुकीप्रमाणे बदलते.

२००४ मध्ये विधानसभेच्या तोंडावर आघाडी सरकारने शेतीपंपाची वीज फुकट केली. २००५ मध्ये ती बंद झाली. २०२४ मध्ये पुन्हा विधानसभेच्या तोंडावर महायुती सरकारने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपधारकांना मार्च २०२९ पर्यंत वीज माफ केली. पक्ष बदलले, घोषणा तीच. कारण पंपधारक मोजता येतो आणि तो एकत्र मत देतो. माण, आटपाडी, जतच्या खडकाळ रानात ज्याची विहीर पौषातच तळ गाठते, त्याची यादी कोणाकडे आहे?

आमचा पंपधारकाशी वाद नाही. तोही कर्जातच आहे, आणि रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या रानात पाणी धरतो. आमचा सवाल एवढाच, की जो सरकारची वीज घेतच नाही, त्याच्या वाट्याला काय?

आता वारे फिरते आहे. २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जागेचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. पंपाला दिवसा वीज आणि माळरानाला भाडे. म्हणजे विजेच्या हिशेबात कोरडवाहू जमिनीला पहिल्यांदाच किंमत आली. इथे नवी युती जमणार, हे नक्की. तिच्यात आपण असणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

भाडे मिळणार ते उपकेंद्राजवळच्या जमिनीला, सगळ्यांना नाही. प्रकल्पाला गायरानही देता येते. ते गेले तर शेरडे-मेंढरे चारणाऱ्याने कुठे जायचे? म्हणून करार वाचल्याशिवाय अंगठा-सही नको. गायरानाचा निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांदेखत. आणि पंपाला जेवढी सवलत, त्या मानाने मोटार नसलेल्यालाही मदत, ही मागणी आपण केलीच पाहिजे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत: गावात मोटारवाले किती आणि बिनमोटारीचे किती. ज्याची मोजदाद नाही, त्याला कोणतीच युती विचारत नाही. आपली मोजदाद आपणच करू.