हातच्या कामाचे मोल

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी जन्मभर शाळेत अंकगणित शिकविले. व्यापाराचा अनुभव मला नाही. परंतु आपल्या कारागिरांचे जे नुकसान होते ते बहुतांशी हिशेबाच्या अभावी होते, असे दिसून आल्यामुळे चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

समजा, आपल्यापैकी एकाने लाकडी देव्हारा घडविला. लाकूड व पॉलिश यांस ९०० रुपये, हत्यारांची झीज, वीज व वाहतूक यांस २०० रुपये आणि चार दिवसांचे श्रम. दुकानदाराने २,००० रुपये देऊ केले. ९०० रुपये सुटले म्हणून कारागीर संतुष्ट होतो. वस्तुतः तो नफा नव्हे, ती चार दिवसांची मजुरी होय. म्हणजे रोजची २२५ रुपये. दिवसाला ६०० रुपये मजुरी धरली असती, तर देव्हाऱ्याची किंमत ३,५०० रुपये झाली असती. हे नित्य पाहणारा मुलगा बापाची करवत हाती का घेईल? तो कारखान्याची वाट धरतो आणि पिढ्यांची विद्या घरातून जाते.

यावर उपाय काय? जवळचेच उदाहरण पाहू. मिरजेचे सतारमेकर आपल्या ज्ञातीचे नव्हेत. परंतु गुण कोठूनही घ्यावा. ती मंडळी मूळची शिकलगार. इंग्रजी अमलात शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंबोरे घडविण्यास आरंभ केला. पुढे राजाश्रय गेला, तरी मिरजेचा धंदा टिकला. कारण कारागिराने गायकाच्या समोर बसून, त्याच्या कानाला पटेपर्यंत जवारी लावून दिली. ज्याला वस्तूची पारख आहे, त्याच्याशी संबंध जोडला म्हणजे घासाघीस आपोआप कमी होते.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते, माल विकून देत नाही. शिवाय त्याचा लाभ घेण्यासाठी प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. तेव्हा आपल्या प्रत्येक वस्तूवर आपले नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक कोरण्याची सवय लावावी. नावाविना विकलेली वस्तू दुकानदाराची कीर्ती वाढविते.

साताऱ्याकडे वळू. माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. त्याच माणदेशी परिवारातर्फे मुंबईत महोत्सव भरविला जातो व घोंगडी विणणारे थेट शहरी गिऱ्हाइकासमोर बसतात. एकट्याला मुंबईचा खर्च झेपत नाही. दहाजणांनी मिळून तो सहज उचलता येतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. प्रत्येक कारागिराने एक वही घालावी व श्रमाचे दिवस त्यात प्रथम लिहावेत. शिकलेल्या मुलामुलींनी वडिलांच्या कामाची छायाचित्रे काढून मोबाईलवरून दूरच्या गिऱ्हाइकांस दाखवावीत. आणि आपण सर्वांनी ज्ञातिबांधवाकडून वस्तू घेताना "घरचाच आहेस" म्हणून भाव पाडू नये. घरच्यांनीच मोल केले नाही, तर परक्याने का करावे?