नळाचे पाणी : उल्हास नदी ते घर

बदलापूर आणि अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी पुरवते, तर उल्हासनगरची मुख्य भिस्त एमआयडीसीवर आहे. दोन्ही यंत्रणांचा आधार उल्हास नदी आणि बारवी धरण. पावसाळ्यात नदी गढूळ होते. तुरटीने गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू एकही चालत नाही. नळाशी मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. ते तपासायला ओटी टेस्ट करतात : नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे (ओटी) थेंब टाकताच पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे.

खरी गडबड बहुधा शुद्धीकरण केंद्रानंतर होते. पाणी ठरावीक वेळी येते. एरवी रिकाम्या वाहिनीत गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट लावलेला टुल्लू पंप ही ओढ आणखी वाढवतो. कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो पसरतात ते असेच. पाणी खळखळून उकळले की जंतू मरतात. नायट्रेट किंवा शिसे मात्र उकळून जात नाही. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट किंचित वाढते.