काचबिंदूवरील औषधे : जुनी आणि नवी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनाच्या आनंदाच्या दिवशी डोळ्यांच्या रोगाची कथा लावणे कित्येकांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ही व्याधी रक्ताच्या नात्यातून चालत येते. आईवडील वा सख्खी भावंडे यांपैकी कोणास ती असल्यास आपणांस ती जडण्याचा संभव इतरांहून पुष्कळच अधिक असतो. तेव्हा तिची वाच्यता आप्तांच्या मेळाव्यात करावयाची नाही, तर कोठे करावयाची?

काचबिंदू म्हणजे मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते; काचबिंदूने गेलेली येत नाही. डोळ्याच्या पुढल्या भागात एक निर्मळ जल सतत पाझरत असते व बुबुळाच्या कडेच्या बारीक चाळणीतून निघून जाते. ही चाळणी तुंबली की आतील दाब वाढतो आणि मेंदूकडे दृष्टी नेणारी शीर हळूहळू सुकते. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांत असतो. मात्र दाब या मर्यादेत असूनही शीर सुकल्याची उदाहरणे थोडी नाहीत. बहुतेकांस वेदना नाही, लाली नाही. दृष्टी कडेकडून आत आटत येते आणि समोरचे शेवटपर्यंत दिसत राहिल्यामुळे रोग्यास पत्ताच लागत नाही.

आमच्या थोरल्या काकांचेच उदाहरण सांगतो. ते निवृत्त शिक्षक. त्यांस टिमोलॉलचे थेंब सकाळ-संध्याकाळ घालावयास सांगितले होते. दोन महिन्यांनी त्यांनी ते बंद केले. “दिसण्यात तसूभरही फरक पडत नाही, मग पैसा का दवडावा?” असा त्यांचा हिशेब. थेंबांनी दिसणे सुधारत नाही, उरलेले तेवढे राखले जाते, हे त्यांस कोणी नीट सांगितलेच नव्हते. आम्ही तेव्हा मुंबईस नेत्रवैद्यकाचेच शिक्षण घेत होतो. पत्रातून प्रकृतीची चौकशी करीत असू. थेंबांची कधी केली नाही. चार वर्षांनी काकांस उंबरठ्याची ठेच लागू लागली, तोवर डावा डोळा गेला होता.

या रोगावरील थेंबांची कथा मोठी मनोरंजक आहे. १८७६ साली लुडविग लाकूर या जर्मन नेत्रवैद्याने आफ्रिकेतील कॅलाबारच्या बीपासून काढलेले फायसोस्टिग्मिन काचबिंदूवर वापरले. तो स्वतःच या रोगाने पीडित होता. पाठोपाठ ब्राझीलमधील जॅबोरँडीच्या पानांतले पिलोकार्पिन आले व त्याने जवळजवळ शंभर वर्षे राज्य केले. त्याने बाहुली आकुंचित होई व डोके दुखे. १९५४ साली ॲसेटॅझोलामाइडची गोळी आली. १९७८ साली अमेरिकेत मान्यता पावलेल्या टिमोलॉलने जलाची उत्पत्तीच कमी केली. मात्र दमेकऱ्यास ते घातक ठरू शकते. थेंब डोळ्यात घातला तरी तो फुप्फुसांपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट दम्याचा रोगी नेत्रवैद्यास सांगावयास विसरतो.

१९९६ साली आलेल्या लॅटॅनोप्रोस्टने उपचाराचा नूर पालटला. हंगेरीत जन्मलेल्या लास्लो बिटो यांच्या संशोधनातून हे औषध निघाले. रात्री एकच थेंब, आणि दाब चांगला उतरतो. पापण्यांचे केस लांब होतात, भोवतीची त्वचा काळवंडते. दृष्टीच्या मानाने हा सौदा स्वस्तच म्हणावयाचा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत या थेंबांनी दृष्टीचा ऱ्हास मंदावतो, हे खोट्या थेंबांशी तुलना करून दाखविण्यात आले.

नव्या औषधांपैकी जपानचे रिपासुडिल (२०१४) व अमेरिकेचे नेटार्सुडिल (२०१७) थेट तुंबलेल्या चाळणीवर काम करतात. डोळे लाल होणे हा त्यांचा दोष. परंतु आमच्या मते खरी नवलाई वेगळीच आहे. २०२० साली अमेरिकेत बिमाटोप्रोस्टचा एक सूक्ष्म कण मान्य झाला. तो डोळ्यात बसविला की औषध हळूहळू झिरपते व कण विरून जातो. २०२३ साली ट्रॅव्होप्रोस्टचीही डोळ्यात बसवून औषध हळूहळू झिरपविणारी योजना मान्य झाली. थेंब विसरणाऱ्या आमच्या काकांसारख्यांसाठीच ही निर्माण झाली असे वाटते. किंमत मात्र अद्याप सामान्यांच्या आवाक्यातली नाही. याशिवाय २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रथम लेसर केलेल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षे थेंबांवाचून आटोक्यात राहिला. शीर वाचविण्यासाठी निकोटिनामाइड या जीवनसत्त्वाच्या चाचण्या चालू आहेत; ते मनाने मोठ्या मात्रेत घेऊ नये, यकृतास इजा होते.

आणि डोळे चुरचुरतात म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन् महिने घालणारे आपल्यात आहेत. त्यानेही दाब चढतो.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दाब मोजण्याचे यंत्र आम्ही बरोबर आणले आहे. भोजनोत्तर मंडपामागील खोलीत बसू. चाळिशी उलटलेल्यांनी यावे, आणि ज्यांच्या घरी कोणास हा रोग आहे त्यांनी प्रथम यावे.