धावणारे मूल आणि शर्यत



धावणे मुलाला कोणी शिकवीत नाही. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरचे मूल शेळ्यांमागे धावते, घंटा कानी पडताच डोंगरउतारावरून शाळेकडे धावते. शर्यत ही मात्र निराळी गोष्ट आहे. तीत आखलेली रेषा असते, शिट्टी असते, शेजारी प्रतिस्पर्धी असतो आणि भोवताली पाहणारे लोक असतात. पाऊलवाटेवर निर्धास्त धावणारे मूल या रेषेवर उभे राहिले म्हणजे बावरते. धावणे उपजत असले तरी शर्यत शिकावी लागते, आणि ती शिकविण्याचे काम शिक्षकाचे आहे.

हे काम स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात हाती घेतले तर काय घडते ते पाहावे. शिट्टी होताच मूल सारे बळ एकवटून सुटते. थोडे पुढे गेल्यावर मागे वळून पाहते. मग छाती भरून येते, पोटात कळ येते, पाय जड होतात. शेवटची दोरी जवळ आलेली दिसताच ते वेग सोडते आणि मागचा मुलगा पुढे निघून जातो. तिघांना बक्षिसे मिळतात. बाकीची मुले ‘आपल्याला धावता येत नाही’ एवढीच समजूत घरी घेऊन जातात. ही समजूत खोटी असते, तथापि ती आयुष्यभर टिकू शकते.

शिक्षण सावकाश व्हावे. दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा, अर्धा तास पुरे. प्रथम पाच-दहा मिनिटे चालणे, मंद धावणे व हातपाय मोकळे करणे. नंतर 50 मीटरचे चार फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर चालत परत येणे. हे चालत येणे म्हणजेच विश्रांती होय. नजर समोर ठेवावी, कोपरात दुमडलेले हात पुढेमागे हलवावेत, दोरीपाशी न थांबता पाच पावले पुढे जावे, या तीन गोष्टी एकाच दिवशी न सांगता एकेका आठवड्यात एकेक सांगावी. मोठी फेरी हवी असल्यास दोन्ही बाजूंना 50 मीटरच्या सरळ रेषा व दोन्ही टोकांना 15.92 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे आखावीत. 200 मीटरचा मार्ग तयार होतो. त्यास सुमारे 82 मीटर लांब व 32 मीटर रुंद जागा लागते. एवढी जागा नसेल तर सरळ 50 मीटरही पुरेसे आहेत.

या शिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे एक वही. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाचा वेळ मोबाईलमधील घड्याळावर मोजावा व तिच्यात लिहावा. तो मुलाला एकट्याला सांगावा. ‘गेल्या खेपेस अकरा सेकंद लागले, आज साडेदहा,’ हे ऐकताना वर्गात शेवटी येणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जो पालट होतो, तो कोणत्याही बक्षिसाने होत नाही. आपल्या श्रमाने आपल्यात फरक पडतो, हे त्यास कळते. हेच ज्ञान पुढे गणिताच्या पाटीवरही उपयोगी पडते.

मोठ्या धावपटूंची उदाहरणे मुलांना सांगताना हाच धडा द्यावा. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी वस्तीत वाढलेल्या कविता राऊत यांनी ऑक्टोबर 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर अंतर 33 मिनिटे 5.28 सेकंदांत धावून कांस्यपदक मिळविले. पहिल्या धावपटूच्या त्या सुमारे 31 सेकंद मागे होत्या. सहा-सात आठवड्यांनी चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी तेच अंतर 31 मिनिटे 51.44 सेकंदांत पार केले. सुवर्णपदक तेथेही एका सेकंदाहून कमी अंतराने हुकले, परंतु दिल्लीतील स्वतःच्या वेळेपेक्षा त्या 73 सेकंदांहून अधिक पुढे गेल्या होत्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या 3,000 मीटर शर्यतीत अवघ्या पाच शतांश सेकंदाने दुसरे आले. त्याच धावेत त्यांनी स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. दुसरा क्रमांक आणि आयुष्यातील सर्वोत्तम धाव ही एकाच दिवसाची मिळकत असू शकते, हे मुलांना समजले पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षकाने येथे एक विशेष दक्षता घेतली पाहिजे. भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. शरीरातील पाणी कमी झाले किंवा अतिश्रम झाले म्हणजे या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तप्रवाहास अडथळा करतात, आणि सांधे, पाठ व छातीत तीव्र वेदना होतात. म्हणून सरावास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक मुलाची तपासणी झाली आहे किंवा नाही हे आरोग्य केंद्राकडून जाणून घ्यावे. ज्यास हा आजार आहे त्या मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून शर्यत धावू नये. जे केवळ वाहक आहे त्यास खेळांतून वगळू नये; मात्र त्यास वारंवार पाणी द्यावे, उन्हात धावू देऊ नये व थांबावेसे वाटताच थांबू द्यावे. दम लागलेले मूल काही मिनिटांत सावरते. सांधे दुखतात, छातीत दुखते, चक्कर येते असे जे सांगते, त्यास आळशी म्हणू नये. ताबडतोब सावलीत बसवून पाणी पाजावे व दवाखान्यात न्यावे. तसेच सकाळी काही न खाता आलेल्या मुलाकडून जोराचा सराव घेऊ नये. कोण उपाशी आले आहे हे विचारल्याशिवाय शिट्टी वाजवू नये.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात व त्यांची मुलेही सोबत जातात. त्यांचे पान वहीतून फाडू नये. मूल परत आल्यावर त्याच पानावर पुढचा आकडा लिहावा. आपली जागा शाळेत राखून ठेविली होती, हे त्यास त्या पानावरून कळते. मुलींच्या बाबतीतही तेच. पाचवी-सहावीत गेल्यावर पुष्कळ मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहू लागतात. त्यांच्या आईला एकदा सरावास बोलवावे आणि मुलीचा वेळ तिच्यासमक्ष मोजावा.

स्पर्धेच्या दिवशी मुलाच्या पोटात गोळा येतो. तो सर्वांनाच येतो, हे त्यास अगोदर सांगून ठेवावे. ‘पहिला ये’ असे न सांगता ‘सरावात धावलास तसा धाव’ असे सांगावे. शेवटचे मूल दोरी ओलांडेपर्यंत शिक्षकाने जागा सोडू नये व दोरीही खाली टाकू देऊ नये. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर वही पुन्हा उघडावी, आणि जे मूल सर्वांच्या शेवटी आले होते त्यास प्रथम बोलावून त्याचा वेळ त्याच्याच हाताने लिहू द्यावा.