खंडशः संकलन : एक उपयुक्त वजाबाकी

खंडशः संकलनाचे सूत्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावते, आणि बहुतेक विद्यार्थी ते परीक्षेपुरते मुखोद्गत करतात. नभोवाणीवर फळा नसल्यामुळे ते लिहून दाखविता येत नाही. एका परीने ते बरेच आहे. श्रोत्यांनी डोळ्यांसमोर एक काटकोनी शेत आणावे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून ओढा शिरतो आणि कोठेही मागे न वळता ईशान्य कोपऱ्यातून बाहेर पडतो. ओढ्याच्या दक्षिणेचा तुकडा मोजणे कठीण, पण उत्तरेचा सोपा असेल, तर शहाणा मोजणीदार लांबी-रुंदीच्या गुणाकारातून उत्तरेचा तुकडा वजा करील. खंडशः संकलन म्हणजे हीच वजाबाकी होय. ब्रुक टेलर या इंग्रज गणितज्ञाच्या १७१५ सालच्या ग्रंथात ती आढळते. तिचे बीज मात्र गुणाकाराच्या विकलनाच्या नियमातच आहे.

आता व्यवहार पाहू. कंठातील थायरॉइड ग्रंथीच्या काही विकारांवर किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ देतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस. मग एका अणूचे सरासरी आयुष्यही ८ दिवसच, असे झटकन सांगणारा चुकतो. कारण मागे उरलेल्यांपैकी काही अणू फार काळ टिकतात. सरासरीसाठी प्रत्येक क्षणापर्यंतच्या काळाला त्या क्षणी नष्ट होणाऱ्या अणूंच्या प्रमाणाने गुणून सर्वांची बेरीज करावी लागते. काळ वाढत जातो, प्रमाण घटत जाते. असल्या गुणाकाराचे संकलन सरळ होत नाही. येथे एका घटकाचे विकलन आणि दुसऱ्याचे संकलन करावयाचे. काळाचे विकलन केले की नुसता १ उरतो. (निवड उलटी केली तर काळाचा वर्ग होतो आणि कोडे अधिकच बिकट होते, निम्मे विद्यार्थी येथेच अडखळतात.) शेताच्या संपूर्ण क्षेत्रफळाच्या जागी येणारे पद दोन्ही टोकांना शून्य होते : आरंभी काळच शून्य असतो, आणि पुढे ऱ्हास काळाच्या वाढीला पुरून उरतो. राहते ते शिल्लक अणूंच्या प्रमाणाचे साधे संकलन. उत्तर येते अर्धायुष्य भागिले ०.६९३, म्हणजे सुमारे साडेअकरा दिवस.

शरीर काही आयोडीन बाहेरही टाकते. तो हिशेब निराळा धरावा लागतो. नुसत्या ऱ्हासापुरते पाहिले, तर एकूण उत्सर्जन म्हणजे आरंभीचा दर गुणिले सरासरी आयुष्य. साडेअकराच्या जागी ८ धरणाऱ्याला ग्रंथीवरील किरणोत्सर्ग खऱ्याहून सुमारे तीन-दशांशाने कमी दिसेल, आणि तो भरून काढण्यासाठी रोग्याला मात्रा जवळजवळ दीडपट दिली जाईल.