तालीम शाळा सुटल्यावर



आठवतंय ना, गॅदरिंगच्या नाटकाची तालीम बाई शाळा सुटल्यावरच घ्यायच्या. तास बुडवून तालमीला आलेल्याची भूमिका जायची. माझी एकदा गेली. खूप रडले होते मी.

आज बाईंचा नियम देशाच्या कायद्यात आहे. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली. सिनेमा, मालिका, जाहिरातींत मात्र सवलत मिळाली, शाळेचं नुकसान होणार नसेल तरच. सर्कसला ती सवलतही नाही. २०१७ च्या नियमांनी आणखी बंधनं घातली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. मुलाच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. आणि कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत. चॅप्लिनच्या सिनेमातला छोटा जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची कमाई घरच्यांनीच उडवलेली होती. त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ साली असा पैसे राखून ठेवण्याचा कायदा झाला.

हे सगळं निर्मात्यांसाठी. माझ्या घरात निर्माती मीच होते. लेक सात वर्षांची असताना मी तिच्या नाचाचे रील टाकू लागले. सॉफ्टवेअरमधली असल्यामुळे कोणत्या वेळी टाकलं की जास्त लोक बघतात, याचा हिशोब मी ठेवायचे. त्या वेळेसाठी तिला झोपेतून उठवलंय मी. परवानगी कुणाची मागणार? आई मीच होते ना!

सुट्टीत इथे आलो होतो. आमखास मैदानावर ती सायकलवरून पडली. गुडघा फुटला. मी धावले, तर रडायच्या आधी ती म्हणाली, "आई, शूट केलंस ना? नसेल तर परत पडते."

त्याच रात्री ते खातं बंद केलं. ती आजही नाचते, पण तिला वाटेल तेव्हा.

मित्रहो, आपल्या घरात जिल्हाधिकारी येणार नाहीत. मोबाइल समोर धरण्याआधी पोराला एकदा विचारा. ते नको म्हणालं, तर मोबाइल खिशात ठेवा.

आणि बाई, ती भूमिका काढून घेतल्याचा राग तीस वर्षं होता. आज तो इथेच सोडून जाते.