राज्य कोणाच्या संमतीने?
(के. आर. पुरम, बेंगळुरू येथे मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा हे प्रश्न समोर असताना अमेरिकेच्या लोकशाहीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपली स्थिती खाजगी गिरणीतील कामगारापेक्षा वेगळी आहे. त्याचा मालक वेगळा आणि सरकार वेगळे. आपला मालक हाच सरकार आहे. जो पगार ठरवतो तोच कायदाही करतो. म्हणून सरकार म्हणजे काय, त्याची सत्ता येते कोठून आणि थांबते कोठे, हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक नीट समजले पाहिजे.

कोणत्याही राज्याला तीन प्रश्न विचारावेत. सत्ता कोणाच्या संमतीने चालते? तिला मर्यादा कोणती? आणि ती एकाच हाती आहे की वाटलेली आहे? अमेरिकेच्या लोकशाहीचा उगम या तीन प्रश्नांत आहे.

१७६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतील वसाहतींवर स्टँप कायदा लादला. वर्तमानपत्रे, परवाने, कोर्टाचे कागद, इतकेच काय पत्त्यांचे जोडसुद्धा, या सर्वांवर कर बसला. वसाहतींचा सवाल साधा होता: पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? विरोध इतका झाला की १७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. परंतु त्याच वेळी, वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला अधिकार कायम आहे, असेही पार्लमेंटने जाहीर केले. भांडण पैशाचे नव्हते, संमतीचे होते.

आमच्या टपाल बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या लढ्याची शीर पत्रव्यवहार हीच होती. १७७२ पासून गावोगावी पत्रव्यवहार समित्या निघाल्या आणि एका गावची बातमी दुसऱ्या गावी जाऊ लागली. बेंजामिन फ्रँकलिन हे राजाच्या टपाल खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. १७७४ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले आणि जुलै १७७५ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसने त्यांनाच आपले पोस्टमास्टर जनरल नेमले. स्वातंत्र्याची घोषणा झाली ती त्यानंतर, जुलै १७७६ मध्ये. म्हणजे देश जाहीर होण्याआधी त्याचे टपाल खाते उभे होते!

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे राज्यघटना तयार झाली. कायदे करणारे, ते राबविणारे आणि न्याय देणारे यांची सत्ता वेगवेगळी केली गेली. १७९१ मध्ये भाषण, सभा आणि सरकारकडे दाद मागण्याचे स्वातंत्र्य घटनेत लिहिले गेले. परंतु त्याच घटनेने प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलामांची गणना तीन माणसे अशी केली, आणि त्या गुलामांना मत मात्र दिले नाही. गुलामगिरी संपली १८६५ मध्ये, यादवी युद्धानंतर. स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला १९२० मध्ये. काळ्या नागरिकांचे मत प्रत्यक्षात सुरक्षित करणारा कायदा झाला १९६५ मध्ये. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले, ते गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या कार्याबद्दल. जोतीरावांची नजर नेमकी होती. घटना लिहिली गेली म्हणून नव्हे, बेड्या तोडल्या गेल्या म्हणून त्यांनी तो गौरव केला.

कामगारांच्या बाबतीतही तेच घडले. १८९४ मध्ये पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कामगारांच्या घरांचे भाडे कमी केले नाही. रेल्वे कामगारांनी पुलमनचे डबे चालवायला नकार दिला. टपाल अडते हे कारण पुढे करून कोर्टाचा मनाई हुकूम आला, फौज आली आणि नेते युजीन डेब्स तुरुंगात गेले. मार्च १९७० मध्ये सुमारे २ लाख टपाल कामगारांनी बेकायदा ठरविलेला संप केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये टपाल हाताळायला सैनिक पाठवले. तरीही त्याच वर्षी वेतनाबाबत सामुदायिक वाटाघाटीचा हक्क कायद्यात आला. संपाचा हक्क मात्र मिळाला नाही.

हे सारे परदेशातले झाले. आता आपण बसलो आहोत ती भूमी पाहा. के. आर. पुरम हे पूर्वी म्हैसूर संस्थानात होते. १८८१ साली दिवाण रंगाचार्लू यांच्या काळात तेथे प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन झाली. दसऱ्याच्या सुमारास म्हैसूरला प्रतिनिधी जमत, गाऱ्हाणी मांडत, दरबार ऐकून घेई. संस्थानी मुलखात हे मोठेच पाऊल होते. पण आरंभी सभासद नेमलेले असत आणि कायदा करण्याचा अधिकार सभेला नव्हता. जबाबदार सरकार आले ते ऑक्टोबर १९४७ मध्ये, 'म्हैसूर चलो' आंदोलनानंतर. गाऱ्हाणे मांडता येणे आणि निर्णयात वाटा असणे, या दोहोंत येथे ६६ वर्षांचे अंतर पडले.

हेच अंतर आपल्या रोजच्या कामात आहे. घटनेच्या १९ व्या कलमाने संघटना करण्याचा हक्क दिला. १९६० च्या संपानंतर, १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे आपली जेसीएम, आली. नावातच 'सल्लागार' आहे. पगार-भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा यांवर मतभेद झाले तर सक्तीचा लवाद आहे, पण त्याच्या निवाड्यावरही शेवटचा अधिकार संसदेचा. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांनी संप केला तेव्हा मालक आणि राज्यकर्ता एकच असल्याचा अर्थ हजारो घरांनी अटक आणि बडतर्फीतून अनुभवला.

तेव्हा करायचे काय? सरकारला विचारायचे ते तीन प्रश्न आधी आपल्या शाखेला विचारू या. पदाधिकारी कोणाच्या संमतीने आहेत? सर्वसाधारण सभा वेळेवर होते का? हिशेब वाचून दाखवला जातो का? तपासणारा आणि खर्च करणारा एकच तर नाही ना? ठेकेदारी सफाई कामगार आणि ग्रामीण डाक सेवक आपल्या मोजणीत पूर्ण माणूस आहेत, की पाचातले तीन? डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. मत देऊन घरी गेलो आणि पुढच्या मतदानापर्यंत सभेला फिरकलो नाही, तर ती संमती कागदावर राहते आणि आपणही दसऱ्याला गाऱ्हाणे मांडणारी प्रजा होऊन बसतो.

शाखेच्या पुढच्या सभेला प्रत्येकाने यावे, सोबत एका नव्या साथीला आणावे आणि हिशेब मागावा, एवढेच या वर्गाचे मागणे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!